सुमे, ती पळीच होती

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुझे तीन मेसेज पडून आहेत, एकालाही धड उत्तर दिलं नाही मी. काय शिव्या घालायच्या त्या घाल, पण आधी हे वाच. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

अमेयचं एनडीएचं झालं गं, मेडिकलसुद्धा क्लिअर. आई पुण्यात पेढे वाटत सुटलीय आणि मी इथे ल्योनला रात्री अडीच वाजता किचनमध्ये उभी. तुझ्याशिवाय कुणाशी बोलू, दादाच्या वेळी मी तुमच्याच घरी होते.

रविवारी इथे नाण्यांचा बाजार होता, म्हटलं जरा मन रमेल, तर एका आजोबांनी हातावर ठेवला तो नेमका आपला डेनारियस, ते चांदीचं रोमन नाणं, सम्राट ऑगस्टसचं, गायस-लुसियसवालं! इथलाच तो, लुग्डुनम म्हणजे हेच ल्योन, इ.स.पू. 2 पासून इथेच पाडायचे. वजन जेमतेम पावणेचार ग्रॅम, घेर आपल्या आत्ताच्या रुपयाहून लहान. पुढे ऑगस्टस, 'देशाचा पिता' लिहिलेला. मागे त्याची दत्तक घेतलेली दोन नातवंडं, अंगात टोगा, म्हणजे रोमनांचं नागरी वस्त्र, चिलखत नाही, मध्ये ढाली आणि भाले. आणि वर पळी! देवाला वाइन वाहायची पळीच आहे ती सुमे, आणि तुझी ती 'छत्रीची मूठ' म्हणजे पक्ष्यांवरून शकून बघणाऱ्याची काठी. सरांच्या त्या धुरकट स्लाइडवर पळी डावीकडे की उजवीकडे यावरून आठवडाभर अबोला होता आपला, आठवतं? तर दोन्ही प्रकारची नाणी आहेत म्हणे. तूही बरोबर, मीही. आता तरी सोड तो विषय.

पण खरं सांगू, मला त्या पोरांचे चेहरे दिसेनात, पार झिजलेले, ढाली मात्र ठसठशीत. पळी गायसची, तो पुरोहित. काठी लुसियसची. शकुनाची काठी डोक्यावर असून लुसियस इ.स. 2 मध्ये स्पेनच्या सैन्याकडे जाताना वाटेत मार्सेलला आजारी पडून गेला, इथून ट्रेनने दोन तास. 18 वर्षांचा होता गं, आपल्या अमेयएवढा. गायसला आर्मेनियात जखम झाली, इ.स. 4 मध्ये घरी परतताना तोही गेला. ते ढाली-भाले चांदीचे होते, लोकांनी कौतुकाने दिलेले. आणि पोरं गेली तरी नाणं फिरतच राहिलं, आपल्या दक्षिणेत रोमन चांदी सापडते त्यात हाच छाप किती निघतो बघ.

अमेयला काही बोलले नाहीये. तो इतका खूश आहे, रोज पहाटे पळायला जातो, केस आधीच बारीक करून आलाय.

रेवाचं ठरलं असं आई म्हणाली, खूप खूप अभिनंदन, आणि फ्लॅटचं पझेशन मिळालं का? नीट विचारते नंतर.

संमतीच्या फॉर्मवर मकरंदने सही केलीय. म्हणतो, तूही कर. तीन दिवस फॉर्म फ्रीजवर लावलेला आहे. काकूंनी दादाच्या वेळी लगेच केली होती का गं सही? एवढं फोन करून सांग, कितीही वाजता कर.

तुझीच,
मेधा