बदलीचा फॉर्म भरला नाही

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहून राहिली आहे. बदलीचा फॉर्म मी भरला नाही. अवघड क्षेत्रातल्या शाळेत शिकवून सलग ३ वर्षं झाली की बदलीचा हक्क मिळते, वरुडकडं एखादी शाळा मिळालीही असती. पण मी इथं मेळघाटात, धारणी तालुक्यातच राहणार. मावशीच्या लग्नघरी जे झालं त्याच्यामुळं तर अजिबात नाही, ते डोक्यातून काढून टाका.

मला एकटं राहणं आवडते. शाळा सुटली की सिपना नदीकडं चक्कर मारते, मग चहा, मग पुस्तक, कोणी "अशी गप्प काऊन?" विचारत नाही. तिकडं आली की रोज कोणाचा तरी साखरपुडा, बारसं, आणि मी कोपऱ्यात हसून हसून थकलेली. ते आता मला नको.

आई, पाहुणे आले की मी कापसाच्या खोलीत जाऊन ढिगात बसायची, आठवते? अंगाला खाज सुटायची तरी बाहेर यायची नाही, आणि तू सगळ्यांना सांगायची पोरगी झोपली आहे म्हणून. मला वाटायचं तुला माझी लाज वाटते. आता माझ्या वर्गात एक पोरगी आहे, मराठी तर सोडाच, तिच्या घरच्या कोरकू भाषेतसुद्धा कानात सांगितल्यासारखी बोलते. तपासणीला साहेब आले, कविता म्हणायला लावू लागले, तर माझ्या तोंडून निघून गेलं की सर, तिला ताप आहे. तेव्हा कळलं तू माझ्यासाठी काय करत होती.

आणि बाबा, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल तुमच्या हातात आणि मी तुमच्या मागं शर्ट धरून. बोजाऱ्याचा खाऊ-पैसा घरोघरी तुम्हीच मागायचे, "आमच्या बैलाले द्या हो" म्हणून. कोणी हसलं तरी मला कधी पुढं ढकललं नाही. म्हणूनच तर आज एवढं मोकळं लिहून राहिली.

इथं काही कमी नाही. गॅस आहे, नळ आहे, खोली पक्की आहे, दाराला आतून दोन कड्या. शेजारच्या आजी कुटकीचा भात आणून देतात. रेंज नसली की फोन लागत नाही, त्याचा अर्थ काही झालं असा काढू नका.

आता माझं ऐका. बाबा, संत्र्यावर फवारणी असली की तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज, आणि भर उन्हात किंवा उलट्या वाऱ्यात फवारायचं नाही. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषानं किती माणसं गेली, माहीत आहे ना. आई, शुगरची गोळी उपासाच्या दिवशी मनानं बंद करू नको, डॉक्टरला विचार. गुडघ्याला तेल लावून झालं म्हणजे इलाज झाला असं नाही, दादाला अमरावतीला घेऊन जायला सांगते, नाही म्हणायचं नाही.

दिवाळीत येतेच, भाऊबीज करूनच निघीन. फक्त त्या दिवसांत कोणाला मला पाहायला बोलावू नका, तुमच्या दोघांजवळ बसू द्या. आणि भिवापुरी मिरचीचं तिखट संपत आलं आहे, कोणी परतवाड्याला येत असेल तर पाठवा, तिथून मी एसटीनं आणवून घेते.

तुमची
बाई