मंत्रीसाहेब, अरबीची ती जागा कुठे गेली?

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी तुम्हाला आठवणार नाही, आठवायचं कारणही नाही. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या चर्चासत्राला तुम्ही उद्घाटक म्हणून आलात, विषय होता कोकणची बंदरं आणि अरबांशी असलेला व्यापार. तेव्हा तुम्ही माइकवर, सगळ्यांच्या समोर, दोन गोष्टी बोललात. अरबीची रिकामी जागा याच शैक्षणिक वर्षात भरणार, आणि जिल्ह्यातल्या घराघरांत पेट्यांमध्ये पडून असलेल्या अरबी-फारसी हस्तलिखितांची सूची करायला दोन वर्षांची फेलोशिप देणार. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. आमच्या प्राचार्यांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

परवा पदांची यादी आली. अरबीच्या समोर लिहिलंय, "कार्यभाराअभावी पद व्यपगत." म्हणजे शिकवायचे तास नाहीत म्हणून पद रद्द. फेलोशिपबद्दल एक ओळसुद्धा नाही. चौकशी केली तर तुमच्या कार्यालयातल्या गृहस्थांनी सांगितलं की मॅडम, भाषणातलं वेगळं असतं.

वेगळं कसं असतं, साहेब? मला हे तुमच्याकडूनच ऐकायचंय, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय.

आधी हे "कार्यभाराअभावी" म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना कळू द्या. कायम शिक्षक निवृत्त झाला की जागा भरत नाहीत. शिक्षक नाही म्हणून कॉलेज प्रवेशअर्जात विषयच छापत नाही, छापला तरी काउंटरवरचा माणूस मुलांना सांगतो की अरबी घेऊ नका, शिकवायला कोणी नाही. मग मुलं येत नाहीत, आणि मुलं येत नाहीत म्हणून कार्यभार नाही, आणि कार्यभार नाही म्हणून पद व्यपगत. खातं आधी विषयाचा गळा दाबतं आणि मग तोच का ओरडत नाही म्हणून शेरा मारतं. हे एकट्या अरबीचं नाही, फारसी, पाली, अर्धमागधी, कुठल्याही लहान विभागात जाऊन विचारा, हीच गोष्ट ऐकायला मिळेल.

आता माझं सांगते. मी एमए, नेट, पीएचडी. घरात पहिली पीएचडी. तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळात नाहीत, आजारी पडले तर नाहीत. नेमणूक पावसाळा निम्मा सरल्यावर होते आणि फेब्रुवारी-मार्चला संपते, आणि बिलं कधी कधी पुढच्या दिवाळीला निघतात. म्हणून मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात दुभाषी म्हणून जाते. ओमान, येमेन, इराकमधून पेशंट येतात, त्यांच्यासोबत बसायचं, डॉक्टर काय म्हणतात ते सांगायचं. एकदा रात्री एका येमेनी आईला तिच्या मुलाच्या रिपोर्टमधलं वाक्य सांगायचं होतं, डॉक्टर इंग्रजीत एका दमात बोलून मोकळे झाले, आणि ती माझ्याकडे बघत होती, डॉक्टरांकडे नाही. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सांगितलं. पहाटेची लोकल धरून घरी आले, आंघोळ केली आणि साडेनऊला वर्गात उभी राहिले. हे काम मी कमी लेखत नाही, उलट भाषा शिकल्याचं सार्थक तिथे होतं. पण चर्चासत्रानंतर चहाला तुमच्यासोबतचे एक अधिकारी मला म्हणाले की अरबीला स्कोप आहे ना, दुबईला जॉब आहेत, हॉस्पिटलं आहेत, मग सरकारी जागा कशाला हवी. कशाला हवी ते सांगते.

तुम्ही स्वतः त्या भाषणात म्हणालात की जगाला आकडे भारताने दिले. बरोबर बोललात. पण ही गोष्ट जगाने मान्य केली ती कशाच्या जोरावर? फरात म्हणजे युफ्रेटिस नदीच्या काठी केन्नेश्रे नावाचा मठ होता, तिथल्या सेवेरस सेबोख्त नावाच्या सीरियन बिशपने 662 साली सुरियानी, म्हणजे पश्चिम आशियातल्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेत लिहून ठेवलंय की भारतीयांची गणिताची पद्धत शब्दांपलीकडची आहे आणि ते नऊ चिन्हांनी हिशोब करतात. भारताबाहेर आपल्या आकड्यांचा एवढा जुना उल्लेख दुसरा सापडलेला नाही. तो संस्कृतात नाही, इंग्रजीत नाही, सुरियानीत आहे. त्यानंतर बगदादला अल्-ख्वारिज्मी आणि त्याच्यामागून आलेल्या गणित्यांनी ही पद्धत अरबीत लिहिली, तिथून ती युरोपात गेली. तुमच्या भाषणातली सगळ्यात जास्त टाळ्या घेणारी ओळ ज्या दोन भाषांच्या साक्षीवर उभी आहे, त्यातली एक शिकवायची सोय माझ्या माहितीत अख्ख्या महाराष्ट्रात नाही आणि दुसरीची जागा तुम्ही परवा व्यपगत केलीत.

पंचतंत्राचं घ्या. सहाव्या शतकात इराणच्या दरबारात बुर्झोय नावाच्या वैद्याने ते पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत नेलं. ते पहलवी भाषांतर आज हरवलेलं आहे. त्यावरून झालेलं सुरियानी भाषांतर, आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने केलेलं अरबी "कलीला व दिम्ना", हे दोन उरले म्हणून आज आपण सांगू शकतो की बुर्झोयच्या हातात कुठल्या गोष्टी होत्या. चरक, सुश्रुत अरबीत गेले, अल्-बेरुनीने 1030 च्या सुमारास आपल्याकडच्या शास्त्रांवर, सणांवर, कालगणनेवर अख्खं पुस्तक लिहिलं. कॉलेजांत आता भारतीय ज्ञान प्रणाली सक्तीने शिकवायची आहे, क्रेडिट आहेत, मॉड्यूल आहेत, पीपीटी आहेत. त्या पीपीटीत अल्-बेरुनीचं एखादं वाक्य असतं, इंग्रजीवरून मराठीत उतरवलेलं, आणि तेही शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या भाषांतरावरून. मूळ अरबी वाचू शकणारी बाई त्याच इमारतीत तासावर काम करते, तिला कोणी विचारत नाही.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या दारातलं सांगते. हिजरी 304, म्हणजे 916-17 च्या सुमाराला अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला होता, तो त्याला सैमूर म्हणतो. तो लिहितो की तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि काही इथेच जन्मलेले. त्यानंतर दहाएक वर्षांतलाच, 926 सालचा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला ताम्रपट पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलाय. त्यात संजाणच्या प्रदेशाचा कारभार बघणारा अधिकारी अरब आहे, ताम्रपट त्याला मधुमती म्हणतो, अभ्यासक म्हणतात हा मुहम्मद, आणि देवीच्या मठिकेला दिलेल्या जमिनीच्या दानात त्याचा सहभाग आहे. ताम्रपट संस्कृतात, मसूदी अरबीत, एकाच किनाऱ्याची एकाच काळातली गोष्ट, दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा माणूस कुठल्या कॉलेजात तयार होणार ते मला सांगा. माहीमच्या मखदूम अली माहिमींनी पंधराव्या शतकात अरबीत कुराणावर जे भाष्य लिहिलं ते पुढे कैरोत छापलं गेलं. माथेरानला जन्मलेल्या असफ फैजींनी "दआइमुल इस्लाम" हा इस्माइली कायद्याचा जुना अरबी ग्रंथ संपादित केला, तोही कैरोत छापला गेला, आणि स्वतःचा हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाला देऊन टाकला. माहीमच्या दर्ग्याला चादर चढवायला सगळे पक्ष जातात हो, त्या माहिमींचं एक पान वाचता येणारं कोणी मागे ठेवायचं कुणाच्या मनात येत नाही.

सुरियानीचं तर विचारूच नका. माझा एक मित्र डोंबिवलीचा मल्याळी, घरात आजी कुर्बान्यातली, म्हणजे चर्चच्या उपासनेतली सुरियानी गाणी म्हणायची, त्याला ती भाषा नीट शिकायची होती. सहाव्या शतकात कॉस्मास नावाचा ग्रीक प्रवासी लिहून गेलाय की कल्लियानाला ख्रिस्ती लोक आहेत आणि इराणहून नेमलेला बिशप आहे, बरेच अभ्यासक ते आपलं कल्याणच मानतात. म्हणजे या पोराच्या घरापासून दोन स्टेशनांवर. पण शिकायला त्याला कोट्टायमला जावं लागलं, तिथे सेंट एफ्रेम संस्थेत 1985 पासून हे काम चालू आहे, जगभरातून अभ्यासक येतात. तो शिकून परत आला. आज बँकेच्या बॅक ऑफिसात रात्रपाळी करतो. सुरियानी आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, स्वतःशीच वाचतो.

2014 च्या ऑगस्टमध्ये आयसिस इराकमधल्या कराकोश गावावर चालून आली तेव्हा नजीब मिखाईल नावाच्या डॉमिनिकन फादरनी सुरियानी आणि अरबी हस्तलिखितं गाड्यांत भरून एर्बिलला नेली. माणसं पायी पळत होती, तरी ती पुस्तकं वाचवली. नंतर तेच फादर मोसुलचे आर्चबिशप झाले. आपल्याकडे युद्ध नाही, बॉम्ब नाहीत, आणि तरी पानं जातायत. मी माझ्या डोळ्यांनी बघते. एका घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक वही आहे, कोकणातल्या एका बंदरात नक्कल केलेली. मथळे लाल शाईत, ती लाल फिकी होऊन विटकरी झालीय, प्रत्येक पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द तिरका लिहिलेला, म्हणजे पानं सुटी झाली तरी क्रम लावता यावा. अक्षरांवरचे नुक्ते, म्हणजे टिंबं, निम्म्या ठिकाणी दिलेलेच नाहीत, त्यामुळे एकेक ओळ तीन तऱ्हेने वाचून बघावी लागते. शेवटच्या पानावर नकलाकाराने स्वतःचं नाव, बंदराचं नाव आणि साल लिहिलं होतं. "होतं" म्हणतेय कारण सालातल्या शेकड्याच्या आकड्यावरूनच वाळवीने भोक पाडलंय. मागच्या पावसाळ्यात ते भोक मोठं झालं. मी मोबाईलवर फोटो काढलेत, त्या घरच्या काकींनी मायेने पेटीत कडुलिंबाचा पाला घातलाय, सरकारी मदत एवढीच की तुम्ही भाषणात अशा हस्तलिखितांचं नाव घेतलंत.

केंद्राच्या 2025-26 च्या बजेटमध्ये ज्ञान भारतम् मिशन जाहीर झालं, 1 कोटीहून जास्त हस्तलिखितांची नोंद करणार, तरतूद साडेतीन कोटींवरून 60 कोटींवर नेली. चांगली गोष्ट आहे, मनापासून म्हणते. पण स्कॅनर मशीन अरबी वाचत नाही, साहेब. नोंद करायला ग्रंथाचं नाव वाचावं लागतं, विषय कळावा लागतो, पहिलं पान फाटलेलं असेल तर आतल्या मजकुरावरून ओळखावं लागतं की हे व्याकरण आहे, फिकह म्हणजे इस्लामी कायदा आहे, वैद्यक आहे की कुणाच्या वारसाहक्काचा हिशोब. हे शिकायला दहा-बारा वर्षं जातात. ही माणसं कुठून आणणार? अल्पसंख्याक समाजातल्या पीएचडीच्या मुलांना आधार असलेली मौलाना आझाद फेलोशिप 2022 च्या डिसेंबरात बंद केल्याचं संसदेत सांगितलं, कारण दिलं की दुसऱ्या योजनांशी ओव्हरलॅप होतं. माझ्या हाताखालच्या दोन मुली त्याच आशेवर एमए झाल्या होत्या. एक आता शिवणकाम करते, दुसरीचं लग्न लावून दिलं. हे ओव्हरलॅपमध्ये कुठे बसवायचं ते संसदेत कोणी विचारलं नाही.

आणि वरून ऐकायचं काय काय! बिगरमुस्लिम मुलाने अरबी घेतली तर घरचे म्हणतात धर्म बदलतोयस का. मुसलमान मुलीने घेतली तर मुलाखतीत विचारतात, मदरशात का नाही शिकवत. अहो ग. ह. खरे, सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी कागद वाचून शिवकाळाचा इतिहास उभा केला, त्यांना कोणी विचारलं नाही की तुम्ही कुणाच्या बाजूचे. महाराष्ट्राने एकेकाळी भाषा शिकणाऱ्याला विद्वान म्हटलं. आता जात, धर्म आणि पक्ष विचारून मगच पुस्तक हातात देतात, आणि हे तुमच्या एकाच पक्षाचं नाही, मागच्यांनी उर्दू-अरबीचे मेळावे घेतले, बिर्याणी खाऊ घातली, जागा त्यांनीही भरल्या नाहीत. पुतळ्याला पैसा मिळतो, भूमिपूजनाला हेलिकॉप्टर मिळतं, कॉलेजला नवीन कमान मिळते, त्या कमानीच्या आत शिकवायला माणूस मात्र तासावर. संस्थाचालक जागेचा दर सांगतात ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मी तो भरू शकत नाही, भरू शकले असते तरी भरला नसता.

म्हणून मागणं. अरबीचं ते पद पुन्हा मंजूर करून जाहिरात काढा, मी निवडली जावो किंवा दुसरं कोणी, लायक माणूस बसू दे. विषय प्रवेशअर्जात छापायची सक्ती करा आणि तीन वर्षं कार्यभाराची अट लावू नका. हस्तलिखितांची फेलोशिप तुम्ही बोललात तशी सुरू करा, येत्या पावसाळ्याच्या आत, कारण वाळवी आर्थिक वर्ष बघत नाही. आणि सुरियानीसाठी निदान एका विद्यापीठात सर्टिफिकेट कोर्स, कोट्टायमहून शिक्षक यायला तयार होतील, माझा मित्र तर उद्या रात्रपाळी सोडून येईल.

याचं उत्तर फोनवर नको, पीएकडून नको, "बघतो" असं नको. जावक क्रमांक, तारीख आणि सही असलेलं लेखी उत्तर हवं. नाही म्हणायचं असेल तर नाही असं लिहा, पण तुमच्या सहीने लिहा.

आपली,
अरबीची तासिका तत्त्वावरची एक अध्यापिका
जि. रायगड