बाई, चौदाव्या प्रश्नाबद्दल

सातारा

बाई,

सा. न. वि. वि.

तुम्ही वयानं माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, तरी आमच्या घरात तुमचं नाव 'बाई'च पडलंय. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाडलं. तुम्ही त्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्ट, आणि गृहपाठ देते ती बाई, एवढा सरळ हिशेब. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांच्या तोंडून नीट आलेल्या पहिल्या आठ-दहा शब्दांत हा एक होता, त्यामुळे तो बदलायची कुणाची हिंमत नाही.

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायचं. पण तुम्ही ते न वाचता पर्समध्ये टाकाल आणि "या आठवड्यात किती प्रश्न झाले?" असं विचाराल, हे मला ठाऊक आहे. शिवाय वाचाघात, म्हणजे मेंदूच्या झटक्यानं बोलणं अडणं, हा शब्दच आम्ही तुमच्याकडे आल्यावर पहिल्यांदा ऐकला. तो न ऐकलेली आणखी घरं असणार. म्हणून चारचौघांत लिहितोय.

दवाखान्यातून सोडताना आम्हाला औषधांची यादी मिळाली, उजव्या हातापायाचे व्यायाम मिळाले, आणि बोलण्याबद्दल "येईल तेवढं येईल" एवढंच मिळालं. पुढचे दोन महिने आम्ही तेवढ्यावर काढले. बघायला येणारे पाहुणे आण्णांशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचे. कुणाला वाटायचं समजच गेली. आणि संध्याकाळी देवापुढे आरती सुरू झाली की हेच आण्णा अख्खी आरती न अडखळता म्हणायचे. तेव्हा एक चुलते म्हणालेही होते, "नाटकं करतंय का काय ह्ये?" मला राग आला, पण खरं सांगतो, तीच शंका माझ्याही मनात येऊन गेली होती.

तुम्ही पहिल्याच दिवशी ती काढून टाकलीत. बहुतेकांची बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, म्हणून उजवं अंग आणि वाचा एकदम जातात. पाठ झालेलं बोलणं वेगळ्या वाटेनं येतं, जुळवून बोलायचं बोलणं वेगळ्या. शब्द आहेत, त्यांच्यापर्यंत पोचायचा घाट बंद आहे. ऐकलेलं बरंचसं कळतंय. शेवटच्या वाक्याला आण्णांनी टेबलावर डाव्या हातानं दोनदा टकटक केली, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी सांगितलं, आण्णा एसटीत पस्तीस वर्षं कंडक्टर होते. एक बेल थांबा, डबल बेल चला. घरात हो-नाही तसंच चालतं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मग आपण याच गाडीनं जाऊ."

त्या गाडीची एक गंमत तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी लिहितो. आण्णांना 'दहिवडी' म्हणायचं असलं की तो शब्द काही केल्या यायचा नाही. मग ते डोळे मिटून साताऱ्यापासून सुरू करायचे: सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी. तिथं थांबायचं. थांबायला जमलं नाही तर गाडी गोंदवल्यावरून थेट म्हसवडला. 'गुरुवार' म्हणायला सोमवारपासून निघावं लागायचं. तुमची वेळ गुरुवारची असल्यानं हा प्रवास आम्ही फार केला.

मग तुम्ही वही मागितलीत. वही माझ्याच दुकानातली, दोनशे पानी. झेरॉक्स-स्टेशनरीवाल्याला दुसरं काय परवडणार! पानाच्या डोक्यावर तुम्ही एकेक प्रश्न लिहिलात. सकाळी उठल्यावर पहिलं काय करता? चहा कसा लागतो? घरात सगळ्यात हट्टी कोण? लहानपणी कशाच्या आवाजानं जाग यायची? कोणत्या पदार्थाचं नाव काढलं तरी नको वाटतं? मला वाटलं होतं चित्रांचे तक्ते असतील, आंबा-केळं-पेरू. तुम्ही म्हणालात, पेरूचं त्यांना काय पडलंय? माणूस ज्या शब्दासाठी धडपडेल तो शब्द शोधू.

नियम तीनच होते. शब्द तोंडात घालायचा नाही, आधी मनात दहापर्यंत मोजायचं. अडलंच तर फक्त पहिला आवाज द्यायचा, 'च' दिला की चहा येतो. आणि तिसरा, ज्यावर मी नाक मुरडलं होतं: समोरच्या पानावर मीही माझं उत्तर लिहायचं. एकट्यालाच विचारलं की ती परीक्षा होते, असं तुमचं म्हणणं.

पहिले दोन नियम जमले. दहा आकडे मोजणं किती लांबलचक असतं ते घरात आजारी माणूस असलेल्यालाच कळेल. तिसऱ्यानं मात्र मला घाम फोडला. 'चहा कसा लागतो?' आण्णांनी तीन दिवसांत लिहिलं, डाव्या हातानं, अक्षर बैलगाडीच्या चाकोरीसारखं: 'गोड. कमी दूध.' मला लिहिताच येईना. दुकानात येईल तो चहा मी चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत पीत आलो. 'पोटभर हसलात असं शेवटचं कधी?' हे पान माझ्या बाजूनं कोरंच राहिलं होतं. ते भरलं ते आईमुळे. आण्णांना आईचं नाव येत नव्हतं, आणि तिला ते लागत होतं. एका रात्री ती म्हणाली, "लग्नात उखाणा पाठ केला होता की. घ्या बघू त्यात!" आण्णांनी डोळे मिटले, ताल धरला, सगळा उखाणा धडाधड म्हटला आणि नावाच्या जागी बहिणीचं नाव घेतलं. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग आईच आधी फुटली. मी त्या पानावर तारीख घातली आहे.

आता चौदावा प्रश्न. ज्याचं नाव काढलं तरी नको वाटतं तो पदार्थ. माझं उत्तर सोपं होतं, कारल्याची भाजी. आण्णांनी पानावर 'सु' लिहिला आणि पेन ठेवलं. मी नियम मोडून सुचवत सुटलो: सुरण? सुकट? सुपारी? एकच टकटक, एकच टकटक. आई आतून ओरडली, "त्यांना सगळं चालतंय, उगं काहीतरी लिहू नगंस." दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी, मी दुकानातून जेवायला आलो तर ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "सुकडी."

बाई, तो शब्द आला याचाच मला आनंद. पण ते थांबेनात. पुढचे शब्द पाच-दहा मिनिटांच्या अंतरानं आले. "खडी." मग "आई." मग बराच वेळ काही नाही, आणि मग, "आई नाही. मी."

मला काही अर्थ लागेना. रात्री आत्याला फोन केला. ती म्हणाली, "आरं, बहात्तरचा दुष्काळ त्यो." माण तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. आजी तिथं खडी फोडायला जायची, सोळा वर्षांचे आण्णा शाळा सोडून माती उचलायला. रेशनवर मिलो ज्वारी यायची, तांबडी, भाकरी थापली की तुटायची. कामावर सुकडी, पिठा-गुळाचा कोरडा खाऊ, वाटायचे. आजी स्वतःच्या वाटणीची पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि आण्णांना द्यायची. "मी तिकडंच खाल्ली," म्हणायची. ती खात नव्हती हे आण्णांना फार उशिरा कळलं, आजी कामावर चक्कर येऊन पडली तेव्हा.

माझ्या दुकानात स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या नोट्स रोज झेरॉक्सला येतात. '१९७२चा दुष्काळ, मे १९७३मध्ये कामांवर सुमारे ५० लाख मजूर, रोजगार हमी कायदा १९७७.' या ओळी मी किती वेळा काढून दिल्या असतील! दोन रुपये पान. त्या ५० लाखांत माझी आजी होती, आणि शेजारी पाट्या उचलणारा माझा बाप होता, हे मला तुमच्या वहीनं सांगितलं.

आणखी एक गोष्ट त्या रात्री आठवली. मी अंगणवाडीत असताना एकदा सुकडी रुमालात बांधून घरी आणली होती, आण्णांसाठी मुद्दाम. त्यांनी ती हातात घेतली, उठले आणि शेजारच्या पोराला देऊन आले. काही बोलले नाहीत. मी ते पुढे बरीच वर्षं मनात धरलं. त्यांना माझं काही गोड लागत नाही, अशी माझी समजूत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ते आठवतंय का विचारलं. आधी काही नाही. मी दहा मोजले, मग आणखी दहा. त्यांनी माझ्या मनगटावर दोनदा टकटक केली.

तुमची फी आम्ही दिली आहे, तिचे आभार मानायचे नसतात असं तुम्ही म्हणाल. फीमध्ये शब्द येत असतील. चौदावा प्रश्न फीमध्ये नव्हता. तुम्ही रविवारी फोन उचललात, आण्णांची दोन शब्दांची वाक्यं ऐकून "आता तीन!" म्हणून ओरडलात, आणि मी एकदा वैतागून वही बंद केली तेव्हा मला न रागावता माझ्याकडून कारल्याचं पान वाचून घेतलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

प्रगतीपुस्तक म्हणाल तर असं आहे. साठ प्रश्नांपैकी त्रेचाळीस प्रश्नांची पानं भरली. 'दहिवडी' आता थेट येतं, कोरेगाव-पुसेगाव न करता. आकडे अजून चुकतात. सुट्ट्या पैशांत तीस-पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला त्याचाच राग जास्त येतो. फोनवर बोलायला ते अजून तयार नाहीत. आईचं नाव महाशिवरात्रीच्या सुमारास आलं, आणि तेव्हापासून दिवसातून वीस वेळा हाक मारतात. ती आता वैतागते. 'घरात सगळ्यात हट्टी कोण' या पानावर दोघांनी एकमेकांची नावं लिहिली आहेत, निकाल तुम्ही लावा.

येत्या गुरुवारी कंदी पेढे आणतोय, घ्यावेच लागतील. आणि एक काम आहे. परवा आई वहीची पानं उलटत बसली होती. म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाई कधी, मला काय आवडत न्हाई ते." तिच्यासाठीही पन्नासेक प्रश्न काढून ठेवाल का? वही मी आणतो. रेघी पाहिजे, आणि कव्हरवर देवाचा फोटो नको, हात लागतात, असं तिनं आधीच सांगून ठेवलंय.

आपला,
आण्णांचा थोरला