पंप हातातल्या पिशवीत ठेव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "इतक्या लांब जायची गरज काय" असं मी बोलून गेलो आणि तू फोन ठेवून दिलास. जेवताना तुझी आईही माझ्याशी बोलली नाही. मला म्हणायचं होतं ते वेगळंच. तोंडाने ते नीट निघत नाही, म्हणून लिहितोय.

तू इथिओपियाला जा. कालच्या बाजारात मीच चार जणांना सांगितलं, की आपली नाचणी मूळची आफ्रिकेतल्या डोंगरांतली, हजारो वर्षांपूर्वी इकडे आली आणि आता माझी मुलगी तिचं माहेर बघायला चाललीय. आत्याला तर दोनदा सांगितलं.

काळजी एकच, तुझा दम. त्यांची राजधानी अदिस अबाबा सुमारे २,३५५ मीटरवर आहे. आपली कळसूबाई १,६४६. म्हणजे विमानातून उतरशील तीच कळसूबाईच्या शेंड्याहून सातशे मीटर वर. पहिले दोन-तीन दिवस जिने सावकाश चढ. एन्टोटोच्या डोंगरावर लगेच चल म्हणाले, तर नाही म्हण; तो तीन हजारांच्या वर जातो. दम्याचा पंप हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या दहा दिवस आधी तरी झाली पाहिजे. ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच राहू दे. परतताना ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. जुलैत तिकडेही पावसाळा, रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. नानांचा स्वेटर घे. गार हवेने तुझी छाती भरते. आणि वेळ विचारून घेत जा. तिथले लोक दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. कुणी "दोन वाजता या" म्हटलं, तर कुठले दोन ते विचार.

बघ, परत शिकवायला लागलो. तुला हे सगळं माझ्याआधी माहीत असणार. राग मानू नकोस.

आईची काळजी मिटली आहे. तिथे बुधवारी-शुक्रवारी ख्रिस्ती लोक उपवास करतात, त्या दिवशी मांस, अंडी, दूध काही खात नाहीत, म्हणून डाळी-भाज्या हमखास मिळतात, हे तिला सांगितलं. इंजेरा आंबवलेल्या टेफच्या पिठाची, आपल्या आंबोळीसारखी जाळीदार, हेही सांगितलं. तरी मेतकूट दिलंच आहे. आणि म्हणते छोटा कुकर ने. तेवढं तिचं ऐक, त्या उंचीवर पाणी ९२ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूर शिजायची नाही.

आता जे सांगायचं होतं ते. तू अकरा वर्षांची होतीस तेव्हा पायथ्याच्या बारी गावाहून आपण कळसूबाई चढलो. शेवटच्या लोखंडी शिडीखाली तू बसलीस. ओठ निळसर, दोन्ही हातांनी शिडीचा गज धरलेला, आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज. पंप पिशवीत नव्हता. घरून निघताना मीच तो काढून ठेवला होता, पोरीला सवय लागू नये म्हणून. अर्धा तास तुझी पाठ चोळत बसलो. तू उतरताना एवढंच म्हणालीस, "बाबा, आईला नको सांगू." आणि आजवर तूही सांगितलं नाहीस. तेव्हापासून कुणी उंच जागेचं नाव काढलं, की मला तो गज दिसतो. काल फोनवर बोललो ते त्या गजाला घाबरून बोललो, तुझ्या कामाला नाही.

आज मेडिकलमधून नवा पंप आणला. मागे छोट्या खिडकीत उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा दिसतो, सध्या २०० आहे. कुरिअरने पाठवत नाही. रविवारी सकाळच्या एसटीने पुण्याला येतो आणि तुझ्या हातात देतो.

तुझा,
बाबा