फुग्यांसाठी वारा मोजता, माणसांसाठी काय मोजता?

प्रति,
माननीय महापौर

विषय : वार्षिक मिरवणूक संपल्यानंतरचा एक तास

महोदय,
स. न. वि. वि.

हे पत्र मिरवणुकीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर दोन ओळी वाचून ते तक्रारींच्या गठ्ठ्यात जायचे. वर्षातून एकदा मोटारी हटतात आणि रस्ता माणसांना मिळतो. समोर उभ्या असलेल्या अनोळखी बाप्याच्या खांद्यावरचे पोर आपल्याकडे वळून हसते. मला हे सगळे आवडते. लहानपणापासून जातो आहे, यंदाही जाणार आहे.

मला बोलायचे आहे ते शेवटचा चित्ररथ निघून गेल्यानंतरच्या तासाबद्दल.

गेल्या वर्षी आत्याला सोबत नेले होते. सकाळपासून लोक थोडेथोडे येत होते, त्यामुळे येताना काहीच जाणवले नाही. शेवटचे वाद्यपथक वळणाआड गेले आणि दोन्ही फुटपाथांवरची सगळी गर्दी एकदम स्टेशनकडे वळली. चार तासांत जमलेली माणसे पाव तासात परत निघाली. जिन्यापाशी पोचलो तेव्हा हात वर काढता येईना. खिशातला फोन वाजून वाजून बंद झाला. आत्या म्हणाली, "अरे, मी चालत नाहीये, मला नेताहेत." मागच्यांना पुढचे दिसत नव्हते म्हणून ते रेटत होते, एवढेच. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. एका बाईने आत्याला दाराच्या कोनाड्यात ओढून घेतले म्हणून निभावले. बंदोबस्तावरचा पोलीस आमच्याइतकाच अडकला होता. "जिना बंद करायला सांगा ना," असे मी ओरडलो, तर तो म्हणाला, "ते माझ्या हातात नाही." कुणाच्या हातात आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

आता न्यूयॉर्कचे उदाहरण बघा. तिथली थँक्सगिव्हिंग या सणाची मिरवणूक 1924 पासून निघते. कित्येक मजली हेलियमचे फुगे हे तिचे वैशिष्ट्य. 1997 साली जोराच्या वाऱ्यात एक फुगा दिव्याच्या खांबावर आदळला, खांबाचा तुकडा खाली पडला आणि एक बाई गंभीर जखमी झाली. त्यानंतर फुग्यांच्या आकारावर मर्यादा आली. ताशी 37 किलोमीटरपेक्षा अधिक वेगाचा सलग वारा असेल किंवा झोत 55 च्या पुढे जात असतील, तर हे मोठे फुगे उडवायचेच नाहीत, असा नियम झाला. 2005 मध्ये पुन्हा अपघात झाला, तेव्हा मार्गावर वारा मोजणारी यंत्रेही बसवली. म्हणजे फुग्यापुरता आकडा ठरलेला आहे, आकडा ओलांडला की काय करायचे तेही ठरलेले आहे.

माणसांच्या बाबतीतही असा आकडा आहे आणि तो काही गुपित नाही. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसे असली तर आरामात चालता येते. चार असली की पाऊल अडखळते. सहा-सातच्या पुढे माणसे पाण्यासारखी वागू लागतात : एका टोकाला धक्का बसला की त्याची लाट दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि कुणालाही स्वतःच्या मर्जीने उभे राहता येत नाही. आपण 'चेंगराचेंगरी' म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर पळणारे, तुडवणारे लोक येतात. पुष्कळदा माणसे उभ्याउभ्याच जातात, छाती फुगायला जागा उरत नाही म्हणून. 'अफवेमुळे पळापळ झाली' हे वाक्य छापायला सोपे असते, त्यात दोष आपोआप गर्दीवर जातो.

दक्षिण कोरियाची राजधानी सोलच्या इतेवॉन भागात 29 ऑक्टोबर 2022 च्या रात्री, हॅलोविन या सणाच्या उत्सवात, जेमतेम तीन मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीतल्या गर्दीने 159 जणांचा जीव घेतला. पोलिसांना पहिला फोन आला होता जवळजवळ चार तास आधी, सायंकाळी 6:34 ला. त्या उत्सवाला अधिकृत आयोजकच नव्हता. मग सुरक्षेचा आराखडा मागायचा कुणाकडे? शांघायमध्ये 2014 च्या शेवटच्या रात्री नदीकाठच्या जिन्यावर 36 जण गेले. तिथला नववर्षाचा कार्यक्रम तर दुसरीकडे हलवला होता, पण ते हजारोंपर्यंत पोचलेच नव्हते. जर्मनीतल्या डुइसबुर्गला 2010 च्या लव्ह परेड या संगीत महोत्सवात आत-बाहेर करायला बोगद्यातून जाणारा एकच मुख्य उतार होता. तिथे 21 जण गेले. पुढे खटला चालला आणि 2020 मध्ये निकालाविनाच थांबला.

मुद्दा एवढाच, की मिरवणुकीच्या परवानगीच्या फाईलमध्ये चित्ररथाची उंची असते, ध्वनीची मर्यादा असते, व्यासपीठावरच्या खुर्च्यांची संख्यासुद्धा असते. (खुर्च्यांवरून होणारे रुसवेफुगवे आपण माझ्यापेक्षा जास्त पाहिले असतील.) गर्दी पांगायची कशी, यावर मात्र 'पुरेसा बंदोबस्त ठेवण्यात येईल' एवढे एक वाक्य. बॅरिकेडचेही तेच. मिरवणूक चालू असताना ती हवीत, संपल्यावर तीच बॅरिकेड गल्ल्यांची तोंडे अडवतात. ती नेमकी कधी आणि कुणी हलवायची?

मला मोठा खर्च सुचवायचा नाही. स्टेशनकडे जाणारे आणि येणारे रस्ते वेगळे करा. शेवटच्या टप्प्यावर वाद्ये अर्धा-पाऊण तास वाजत राहू द्या, म्हणजे सगळे एकाच क्षणी निघणार नाहीत. स्वच्छतागृहे लांब असली की तिथेही गाठ बसते, तीही पसरून ठेवा. कॅमेरे लावलेलेच आहेत. त्यांच्यासमोर गर्दीची घनता ओळखता येणारा माणूस बसवा. फक्त खिसेकापू शोधायला तो बसलेला नसावा. आणि आयोजक नाही म्हणून जबाबदारी नाही, हे उत्तर आधीच बाद करा. नववर्षाच्या रात्री लोक चौकात निमंत्रण पाहून येत नाहीत.

अजून एक, जरा बोचरे आहे, पण लिहितो. आपली गाडी व्यासपीठामागच्या रस्त्याने जाते. तो रस्ता सकाळपासून रिकामा असतो. आपण गेल्यानंतर त्याचे काय होते, मला माहीत आहे, कारण आत्याला कोनाड्यातून बाहेर काढल्यावर मी तिथेच गेलो होतो. दोर बांधलेला होता, पलीकडे शुकशुकाट. दोर सोडायचा आदेश आला नव्हता.

म्हणून आपल्याकडून मला आराखडा किंवा आश्वासन नको, एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. यंदा जिन्यापाशी गर्दी वाढली, तर स्टेशनचे दार बंद करण्याचा, मिरवणूक जागच्या जागी थांबवण्याचा आणि तो दोर सोडण्याचा हुकूम त्या क्षणी, कुणालाही न विचारता, कोण देऊ शकेल? नाव नको, पदनाम पुरे. मिरवणुकीच्या आधी ते जाहीर करा आणि बंदोबस्तावरच्या प्रत्येक पोलिसाला सांगून ठेवा.

कळावे,
आपला,
फुटपाथवरचा एक प्रेक्षक