बंद कयाक देण्यापूर्वी सुटकेचा सराव हवा

मा. संपादक,

कोलाडजवळच्या कुंडलिका नदीत भिरा जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडले की राफ्टिंगबरोबर कयाकिंगसाठीही, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी (कयाक) घेऊन, पर्यटक उतरतात. लाइफ जॅकेट घातले की झाले, असा समज तिथे सर्रास दिसतो; परंतु जॅकेट माणसाला तरंगवते, उलटलेल्या कयाकमधून सोडवत नाही. उघड्या बैठकीच्या कयाकमधून माणूस आपोआप पाण्यात पडतो. बंद कयाकमध्ये मात्र कमरेभोवतीचे आवरण, म्हणजे स्प्रे स्कर्ट, बैठकीच्या कडेला घट्ट बसवलेले असते आणि डोके पाण्याखाली असताना ते सोडवावे लागते. अशा वेळी पुढे वाकावे, म्हणजे चेहरा खडकांपासून वाचतो; मग आवरणाचा पुढचा पट्टा पुढच्या दिशेने ओढून ते कडेवरून सुटे करावे आणि दोन्ही हात कडेवर रेटून कंबर व पाय बाहेर काढावेत. हा पट्टा आत दुमडून राहिला तर पाण्याखाली सापडणे कठीण, म्हणून निघण्यापूर्वी तो सोबत्याकडून तपासून घ्यावा. बाहेर आल्यावर वाहत्या पाण्यात उभे राहू नये, कारण पाय खडकांत अडकतो. पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून पाठीवर तरंगावे. संथ पाण्यात हा सराव करून घेतल्याशिवाय बंद कयाक कोणालाही देऊ नये, अशी अट प्रशासनाने परवाना देतानाच घालावी.

– एक वाचक, पुणे