१२८ नंबरचा सभासद

महोदय,

बारावीचा निकाल लागला, की वर्तमानपत्रांत ‘चार महिन्यांत जावा फुल स्टॅक’च्या जाहिराती सुरू होतात. (जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा; फुल स्टॅक म्हणजे वेबसाइटचा दिसणारा आणि मागचा, दोन्ही भाग करायला शिकणं.) अशाच एका क्लासला मी पुण्यात पंचेचाळीस हजार रुपये भरून बसलो. तिसऱ्याच आठवड्यात स्प्रिंग बूट, म्हणजे जावात वेब प्रोग्राम झटपट उभा करायचा तयार सांगाडा. सर लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. प्रोग्राम चालायचा, पण का चालतो ते विचारलं की ‘पुढे कळेल’.

सध्या गावच्या दूध संस्थेत फॅट काढतो आणि सकाळचं दूध गेल्यावर दुपारी घरीच पहिल्यापासून शिकतो. आठ महिने झाले. त्यातले साडेतीन नुसत्या कोअर जावात, म्हणजे भाषेच्या पायात गेले. मित्र हसले. पण तेवढे लागतातच, हे मला आमच्याच संस्थेच्या बिलानं शिकवलं.

सरावासाठी दहा दिवसांच्या दूधबिलाचा प्रोग्राम केला होता. १२७ नंबरपर्यंतच्या सभासदांची बिलं चोख, १२८ पासून पुढे एकही सभासद सापडेना! दोन रात्री वही घेऊन बसलो. सभासद क्रमांक ‘इंटिजर’ ऑब्जेक्टमध्ये (आकडा ठेवायची डबीच म्हणा) ठेवले होते आणि ‘==’ हे बरोबरीचं चिन्ह लावून ताडत होतो. ऑब्जेक्टच्या बाबतीत ‘==’ आकडा बघत नाही, दोन्हीकडे तोच ऑब्जेक्ट आहे का ते बघतं. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर जावा आधीच करून ठेवते आणि तेच पुन्हा वापरते, म्हणून तिथवर माझी चूक झाकली गेली. ‘==’च्या जागी आतला आकडा ताडणारं ‘इक्वल्स’ लिहिलं आणि १२८ नंबरच्या काकूंचं बिल निघालं. (संस्थेचं खरं बिल अजून जुन्याच सॉफ्टवेअरवर निघतं, सभासदांनी काळजी करू नये.)

खर्च म्हणाल तर इंटरनेटचा. जावा चालवायला लागणारं ओपनजेडीके फुकट. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर जावाचे धडे मराठी आवाजात आहेत. ते जेडीके १.६ या जुन्या जावाच्या काळातले, पण क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स या भाषेतल्या मूळ कल्पना समजायला आजही चालतात. आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीचा, ‘एनपीटेल’चा जावाचा कोर्सही फुकट, परीक्षा द्यायची असेल तरच फी. मात्र संगणकावर जावा १७ किंवा त्यापुढचं घ्या. स्प्रिंग बूट ३ त्याखाली चालतच नाही. माझ्याकडे क्लासनं संगणकात भरून दिलेलं जुनं जावा ८ होतं, त्यात एक आख्खा रविवार गेला.

कोअर जावानंतर एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची भाषा) आणि गिट (प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), मग स्प्रिंग बूट, असा माझा क्रम. एसक्यूएलला मी कमी वेळ दिला आणि ते भोवलं. गेल्या महिन्यात पहिली मुलाखत झाली, तीत जावावर बरं बोललो, पण एसक्यूएलमधलं लेफ्ट जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडायची एक रीत, लिहायला सांगितल्यावर घाम फुटला. निवड झाली नाही. आता रोज एसक्यूएलच्या पाच क्वेऱ्या हातानं लिहितो.

जाहिराती छापू नका असं म्हणत नाही. पण शिक्षणाच्या पानावर या फुकटच्या वाटेची माहितीही एकदा द्यावी, एवढी विनंती. पंचेचाळीस हजारांत आमच्याकडे दुभती म्हैस येते.

— दूध संस्थेतील एक कर्मचारी, ता. राधानगरी, जि. कोल्हापूर